ब्रिटनमधील मोटरसायकलींची गटसफर: पूर्वतयारी, क्रम आणि चौकात हमखास होणाऱ्या चुका

ब्रिटनमध्ये राहणारी आणि बाईक बाळगणारी मराठी मंडळी पहिल्या उन्हाळ्यातच एखाद्या स्थानिक क्लबच्या रविवारच्या सफरीला जातात. बाईक चालवण्याचा अनुभव त्यांच्याकडे भरपूर असतो, गटात चालण्याचा मात्र नसतो. त्यामुळे त्याच त्या चुका होतात. कोणी अर्ध्या टाकीवर येतो, कोणी भारतातून आणलेले आयएसआय हेल्मेट घालून येतो, आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चौकात मागच्यांसाठी थांबवलेला रायडर वेळेआधी जागा सोडतो आणि मागचा निम्मा गट चुकीच्या रस्त्याला लागतो.

उदाहरणासाठी इंग्लंडच्या उत्तरेकडील एक मार्ग घेतो. कर्बी लॉन्सडेल या गावाबाहेर, लून नदीवरच्या जुन्या डेव्हिल्स ब्रिजजवळ दर रविवारी बाईकवाल्यांची गर्दी जमते. तेथून ए-६५ ने इंगलटन, मग बी-६२५५ ने रिबलहेडच्या २४ कमानींच्या रेल्वेपुलाजवळून हॉज, तेथून ए-६८४ ने सेडबर आणि ए-६८३ ने पुन्हा कर्बी लॉन्सडेल, असा हा सुमारे ५० मैलांचा फेरा आहे. अंतर थोडे असले तरी गटसफरीत बिघडू शकणाऱ्या बहुतेक गोष्टी या फेऱ्यात भेटतात.

## टप्पा १: कागदपत्रे (किमान महिनाभर आधी)

भारतीय लायसन्सवर मोटरसायकलची नोंद असेल, तर ग्रेट ब्रिटनमध्ये निवासी झाल्याच्या दिवसापासून १२ महिने त्यावर बाईक चालवता येते. त्यानंतर ते चालत नाही, आणि ते देऊन ब्रिटिश लायसन्स बदलून घेण्याची सोयही नाही. प्रोव्हिजनल लायसन्स काढणे, सीबीटी हे मूलभूत प्रशिक्षण घेणे, थिअरी परीक्षा देणे आणि मग प्रात्यक्षिकाचे दोन भाग उत्तीर्ण होणे हा क्रम सर्वांना सारखाच आहे. पुण्यात वा कोल्हापुरात पंधरा वर्षे बाईक चालवली असली तरी त्यात सूट मिळत नाही. बारा महिने संपेपर्यंत वाट पाहणे ही चूक आहे, कारण परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो आणि मधल्या काळात बाईक घरी उभी राहते. सहाव्या महिन्याच्या आसपास ही प्रक्रिया सुरू करावी.

सीबीटी प्रमाणपत्र २ वर्षे चालते. केवळ त्यावर चालवणाऱ्याला १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतचीच बाईक चालते, एल अक्षराची पाटी लावावी लागते, मोटरवेवर जाता येत नाही आणि डबलसीट कोणाला घेता येत नाही. सफरीच्या मार्गात मोटरवेचा तुकडा असेल, तर आपण सीबीटीवर आहोत हे आयोजकाला आधीच कळवावे. सकाळी भेटल्यावर सांगितले, तर सगळ्या गटाचा मार्ग ऐनवेळी बदलावा लागतो.

विमा काढताना आपले लायसन्स भारतीय आहे की ब्रिटिश, पूर्ण आहे की प्रोव्हिजनल, हे अचूक सांगावे. माहिती चुकीची दिली असेल तर दाव्याच्या वेळी विमा नाकारला जाऊ शकतो. विम्याविना गाडी चालवताना पकडले गेल्यास ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट लागतात. पहिल्यांदा ब्रिटिश लायसन्स मिळाल्यापासून २ वर्षांच्या आत ६ पॉइंट झाले, तर ते लायसन्सच रद्द होते.

तपासा: बाईक ३ वर्षांहून जुनी असेल तर चालू एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) आहे का, रोड टॅक्स भरला आहे का आणि विमा आजच्या तारखेला चालू आहे का. या तिन्हींच्या नोंदी संगणकावर असतात आणि पोलिसांचे कॅमेरे नंबरप्लेट वाचूनच त्या तपासतात. त्यामुळे कागद जवळ असणे पुरेसे नाही, नोंद चालू असावी लागते.

## टप्पा २: हेल्मेट आणि कपडे

ब्रिटनमध्ये हेल्मेटवर ईसीई २२.०५ किंवा त्यानंतरच्या २२.०६ या मानकाची खूण असावी लागते, किंवा जुने ब्रिटिश मानक बीएस ६६५८:१९८५ तरी लागते. फक्त आयएसआय शिक्का असलेले हेल्मेट येथे कायद्याला मान्य नाही. काही भारतीय कंपन्यांच्या हेल्मेटवर दोन्ही खुणा असतात, म्हणून गळपट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचूनच ठरवावे. नवे घ्यायचे असेल तर सरकारी शार्प योजनेचे १ ते ५ ताऱ्यांचे मानांकन पाहावे. पण मापात न बसणाऱ्या पाच ताऱ्यांच्या हेल्मेटपेक्षा डोक्याला नीट घट्ट बसणारे तीन ताऱ्यांचे हेल्मेट अधिक उपयोगी, असे माझे ठाम मत आहे. गळपट्टा बांधून, दोन्ही हातांनी मागची कडा धरून हेल्मेट पुढे ओढून पाहावे. ते डोक्यावरून निघू लागले तर ते हेल्मेट आपल्यासाठी नाही.

जॅकेट आणि पँट घेताना आतली चिठ्ठी पाहावी. ईएन १७०९२ या मानकानुसार कपड्यांना एएए, एए, ए अशा श्रेणी असतात आणि एएए सर्वांत मजबूत. गटसफरीला किमान एए असावी. साध्या जीनपँटवर येणारे बरेच जण असतात. कायदा त्यांना अडवत नाही, पण डांबरावर घसरल्यावर ती पँट क्षणभरही टिकत नाही.

थंडीचा अंदाज मराठी माणसाचा हमखास चुकतो. घरातून निघताना १४ अंश असतात, ऊनही पडलेले असते. मात्र रिबलहेडच्या उघड्या माळावर ५० मैलांच्या वेगाने वारा अंगावर आला की अर्ध्या तासात बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांनी पुढचा ब्रेक हलक्या हाताने दाबता येत नाही, म्हणजे प्रश्न आता केवळ सोसण्याचा राहत नाही. एकच जाड जाकीट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घालावेत: अंगालगत घाम शोषणारा, मध्ये ऊब धरणारा आणि वर वारा-पाऊस अडवणारा. मानेला कापडी नळी, पायांत लोकरी मोजे आणि पिशवीत कोरड्या हातमोज्यांचा दुसरा जोड असावा.

कानात इअरप्लग घालावेत. भारतात ही सवय फारशी नाही, म्हणून लोक ती टाळतात. दिवसभराच्या वाऱ्याच्या आवाजाने थकवा येतो, आणि वर्षानुवर्षे तसेच चालवल्यास श्रवणशक्ती कायमची कमी होते. इअरप्लग घालूनही रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो.

## टप्पा ३: बाईकची तपासणी (आदल्या शनिवारी)

तपासणी सफरीच्या सकाळी करू नये. सकाळी दोष सापडला तर दुरुस्तीला वेळ नसतो, आणि मग माणूस दोषाकडे काणाडोळा करून निघतो. शनिवारी दुपारपर्यंत पुढील क्रमाने पाहावे.

1. टायर थंड असतानाच हवा मोजावी. गरम टायरमध्ये दाब जास्त दिसतो आणि तो पाहून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर मऊ पडतो. नक्षीची खोली टायरच्या रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात सलग किमान १ मिलिमीटर असावी, ही कायद्याची मर्यादा आहे. पावसाळी रस्त्यासाठी ती पुरेशी नाही, २ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदललेला बरा. टायरच्या बाजूवरचे चार अंक त्याचे वय सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा.
2. चेन हाताने खालीवर हलवून ढील पाहावी. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजावी, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असते.
3. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि कूलंट पाहावे.
4. पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक वेगवेगळे दाबून मागचा दिवा लागतो का ते भिंतीवरच्या उजेडात पाहावे. पुढच्या लिव्हरचा स्विच बिघडलेला असतो आणि महिनोन्महिने कळत नाही. गटात तुमच्यामागे दोन सेकंदांवर दुसरा रायडर असतो, आणि तो त्या दिव्यावर विसंबून असतो.
5. पंक्चर किट, ब्रेकडाउन कव्हरचा नंबर आणि फोन चार्ज करण्याची सोय.

पेट्रोलबाबत एक सूचना. सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमधले साधे ९५ ऑक्टेन पेट्रोल ई१० आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक बाईकना ते मानवत नाही. अशी बाईक असेल तर सुपर ग्रेडचे ई५ भरावे.

सावधान: टाकी जमण्याच्या ठिकाणी येण्याआधीच फुल्ल करावी. दहा जण जमले आणि अकरावा «जरा पेट्रोल भरून येतो» म्हणाला, की साऱ्या गटाचा अर्धा तास जातो. आपला फेरा ज्या यॉर्कशर डेल्स या डोंगराळ भागातून जातो, तेथे पेट्रोलपंप मोजके आहेत.

## टप्पा ४: मार्ग घरी बसून वाचणे

नेव्हिगेशनवर भिस्त ठेवून येणारे गटात सर्वांत आधी चुकतात. गट जाणार त्याच रस्त्याने ते यंत्र नेईल याची खात्री नसते. चौकांची यादी हाताने कागदावर लिहून टाकीवरच्या पिशवीत ठेवावी. आपल्या फेऱ्यात ती पाच-सहा ओळींची होते, आणि ती लिहितानाच दोन धोक्याच्या जागा लक्षात येतात.

पहिली जागा हॉज आणि सेडबरच्या मध्ये, मूरकॉक इनजवळ. ए-६८४ वरून पश्चिमेकडे जाताना तेथे उजवीकडे बी-६२५९ फुटतो आणि तो कर्बी स्टीफनला जातो. आपल्याला जायचे असते कर्बी लॉन्सडेलला. नजर पाटीवर पडते, «कर्बी» हा शब्द दिसतो आणि हात आपोआप इंडिकेटरकडे जातो.

दुसरी जागा सेडबरची. ए-६८३ हा एकच क्रमांक तेथून दोन्ही दिशांना जातो: उत्तरेला कर्बी स्टीफनकडे आणि दक्षिणेला कर्बी लॉन्सडेलकडे. हॉजकडून येताना उत्तरेचा फाटा गावाच्या आधीच भेटतो. ज्याने फक्त क्रमांक लक्षात ठेवला तो तेथेच वळतो. म्हणून यादीत क्रमांकासोबत गावाचे पूर्ण नाव आणि वळण्याची दिशा लिहावी: «सेडबर ओलांडून, ए-६८३, डावीकडे, लॉन्सडेल».

वेल्समध्ये सफर असेल तर १७ सप्टेंबर २०२३ पासून तेथील वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये अशा रस्त्यांवर ती सहसा ३० असते. स्कॉटलंडमध्ये मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंड-वेल्समध्ये ८०. सफरीच्या दिवशी मद्य पूर्ण वर्ज्य ठेवल्यास हा हिशेबच करावा लागत नाही.

## टप्पा ५: निघण्यापूर्वीची सूचना

नियोजित वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे. निघण्याआधी आयोजक पाच मिनिटे बोलतो. त्या वेळी हेल्मेट काढलेले असावे आणि इअरप्लग खिशात असावेत. अनेक जण याच वेळी हातमोजे शोधत असतात, आणि नंतर चुकणारे बहुधा तेच असतात. पुढील गोष्टी कळल्या नसतील तर तेथेच विचाराव्यात.

- सर्वांत पुढे कोण आणि सर्वांत मागे कोण. मागच्याचा चेहरा नव्हे, त्याची बाईक, हेल्मेटचा रंग आणि अंगावरचे पिवळे किंवा नारिंगी जाकीट नीट पाहून ठेवावे. पुढे त्याच एका माणसाच्या येण्यावर तुमचे निघणे अवलंबून असते.
- गटातल्या गटात ओव्हरटेक चालते की नाही.
- चौकात मार्कर पद्धत (वळणावर एक जण थांबून मागच्यांना दिशा दाखवतो, टप्पा ६ पाहा) आहे की «मागच्याला नजरेत ठेवा» ही पद्धत.
- पहिला थांबा कोठे आणि कोणाचा फोन नंबर घ्यायचा.

सावधान: आपण नवे आहोत हे मोकळेपणाने सांगावे. सांगितल्याने कोणी कमी लेखत नाही. आयोजक अशा रायडरला गटाच्या पुढच्या भागात ठेवतो. पुढच्यांच्या वेगातला प्रत्येक चढउतार मागे ठेवलेल्या नवख्यापर्यंत साठत साठत येतो आणि गट गाठण्यासाठी त्याला सतत धावत राहावे लागते.

## टप्पा ६: चौक आणि मार्कर

लेखाचा मुख्य भाग हा आहे. सहा-सात जणांहून मोठ्या गटात ब्रिटनमधले बहुतेक क्लब मार्कर पद्धत वापरतात. तिचे नियम थोडे आहेत, पण त्यांतला एक जरी मोडला तरी सगळी पद्धत कोसळते.

पुढचा रायडर आणि सर्वांत मागचा रायडर दिवसभर बदलत नाहीत. वळण्याचा चौक आला की पुढचा रायडर हाताने रस्त्याकडेच्या एका जागेकडे बोट दाखवतो. त्या क्षणी जो दुसऱ्या क्रमांकावर असेल तो तेथे थांबतो. आता तो मार्कर झाला. मागून येणारे त्याला पाहून वळतात. सर्वांत मागचा रायडर आला की मार्कर त्याच्या पुढे गटात शिरतो. पुढच्या चौकात नव्याने दुसरा झालेला रायडर थांबतो, आणि असे चक्र सुरू राहते.

बारा जणांचा गट धरा. पुढचा आणि मागचा सोडून दहा जण उरतात, म्हणजे मार्कर आपापल्या वेळी उचलले जात राहिले तर दहा चौकांनंतर पहिला मार्कर पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर येतो. यातून पद्धतीचा खरा फायदा कळतो. येथे कोणालाही समोरच्याला नजरेत ठेवावे लागत नाही. समोर कोणी दिसत नसेल तर सरळ मुख्य रस्त्याने जात राहायचे. वळायचे असते तर तेथे माणूस उभा असता. म्हणून हळू चालवणाऱ्याने वेग वाढवण्याची काहीच गरज नाही. मागे पडल्याच्या भीतीने अवघड वळणात वेगाने शिरणे हे गटसफरीतल्या अपघातांचे ओळखीचे कारण आहे, आणि ती भीती काढून टाकण्यासाठीच मार्कर उभा असतो.

मार्कर म्हणून थांबताना पुढील क्रम पाळावा.

1. आरशात पाहून आणि इंडिकेटर देऊन थांबावे. पुढच्याने बोट दाखवले म्हणून एकदम ब्रेक दाबू नये.
2. जागा अशी निवडावी की मागचा रायडर चौकात शिरण्याआधीच तुम्हाला पाहील. वळणाच्या पलीकडे, झुडपामागे किंवा उभ्या व्हॅनआड थांबलेला मार्कर असून नसल्यासारखा. दाखवलेली जागा धोक्याची वाटली तर थोडी पुढे-मागे सरकावी, निर्णय तुमचा आहे.
3. राउंडअबाउटवर ज्या फाट्याने बाहेर पडायचे त्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला थांबावे. फिरणाऱ्या गाड्यांच्या वाटेत कधीही थांबू नये.
4. बाईक ज्या दिशेला जायचे त्या दिशेला तोंड करून उभी करावी, आणि मागून गटातला प्रत्येक जण येताना हाताने स्पष्ट दिशा दाखवावी.
5. सर्वांत मागचा रायडर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलू नये.

पाचव्या नियमाला अपवाद नाही. इंगलटनमध्ये बी-६२५५ च्या तोंडाशी तुम्ही उभे आहात असे समजा. नऊ बाईक गेल्या. मग रस्ता रिकामा. एक व्हॅन जाते, दोन सायकलवाले जातात, पाच मिनिटे होतात, दहा होतात. मनात येते की सगळे गेले असणार, आपलीच मोजणी चुकली असेल. पावसाचे थेंब काचेवर पडू लागतात. अशा वेळी निघून जाणारा मार्कर मागे दोघांना सोडून जातो: ज्याची चेन निसटली आहे तो, आणि त्याच्याजवळ थांबलेला शेवटचा रायडर. ते दोघे दुरुस्ती करून चौकात येतात, कोणी उभे दिसत नाही, आणि नियमाप्रमाणे सरळ ए-६५ ने निघून जातात. तुम्ही थांबला असता तर काहीच बिघडले नसते, कारण पुढचा रायडर पुढच्या थांब्यावर सर्वांची वाट पाहतच असतो आणि फार उशीर झाला तर तो स्वतः माघारी येतो. वीस मिनिटे झाली, तर चालू ठेवलेला फोन पाहावा आणि आयोजकाला कळवावे, पण जागा सोडू नये.

तपासा: पिवळे जाकीट दिसले की हात वर करावा. सर्वांत मागचा रायडर दिवा किंवा हाताने उत्तर देईल आणि तुम्हाला शिरायला जागा ठेवेल. उत्तर मिळाले नाही तर तो दुसऱ्याच गटातला पिवळ्या जाकिटाचा माणूस असू शकतो. रविवारी असे रायडर पुष्कळ असतात.

पद्धतीची एक मर्यादा पुढे राहणाऱ्याने ध्यानात ठेवावी. गावात लागोपाठ चौक आले तर मागचे मार्कर उचलले जाण्याआधीच पुढचे संपतात. म्हणून गाव ओलांडल्यावर सुरक्षित जागा पाहून सर्वांना एकत्र करावे. मोटरवेवर ही पद्धत वापरू नये. तेथे कोठल्या जंक्शनला बाहेर पडायचे हे आधीच सर्वांना सांगावे.

लहान गटात मार्करऐवजी प्रत्येकाने आरशात मागच्याला पाहायचे असते. चौकात वळण्याआधी मागचा दिसला पाहिजे. नाही दिसला तर थांबायचे. सर्वांनी हे पाळले तर मागे थांबल्याची खबर एकेका आरशातून सर्वांत पुढच्यापर्यंत पोहोचते.

## टप्पा ७: चालताना

सरळ रस्त्यावर गट नागमोडी मांडणीत चालतो: एक जण लेनच्या उजव्या बाजूला, पुढचा डाव्या, असे आलटून पालटून. स्वतःच्या पुढच्या बाईकपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, ओल्या रस्त्यावर चार. वळणे सुरू झाली की ही मांडणी सोडून एकामागे एक व्हावे, कारण वळणात प्रत्येकाला पूर्ण लेनची रुंदी लागते. मांडणी टिकवण्यासाठी वळणातही डावीकडेच चिकटून राहणारे नवखे स्वतःची दृष्टी आणि जागा दोन्ही गमावतात.

अनोळखी वळणाचा वेग समोरच्या रायडरच्या मागच्या दिव्यावरून ठरवू नये. रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जेथे एकमेकींना मिळालेल्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवावी. तो बिंदू जवळ येत असेल तर वळण आवळते आहे, वेग कमी करा. तो तुमच्याच वेगाने पुढे सरकत असेल तर वेग बरोबर आहे. तो दूर पळू लागला तर वळण उघडते आहे. जेवढा रस्ता स्वच्छ दिसतो तेवढ्यात थांबता आलेच पाहिजे. ए-६८४ वर दगडी कुंपणांमुळे हा दिसणारा तुकडा अनेक ठिकाणी फार छोटा असतो.

ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतः पाहून करावे. पुढचा गेला म्हणजे रस्ता मोकळा आहे असे नव्हे, त्याच्यासाठी तो मोकळा होता. ओव्हरटेक करून झाल्यावर लगेच वेग कमी करू नये, नाहीतर मागून येणाऱ्या मित्राला त्या कारपुढे शिरायला जागा उरत नाही. रस्त्याच्या मधल्या दोन समांतर पांढऱ्या रेषांपैकी आपल्याकडची सलग असेल तर ती ओलांडण्यास मनाई आहे. थांबलेली गाडी, किंवा ताशी १० मैलांपर्यंत चाललेली सायकल, घोडा वा रस्तेदुरुस्तीची गाडी एवढाच ओव्हरटेकसाठी त्याला अपवाद.

भारतातल्या दोन सवयी येथे अंगाशी येतात. घाटात आपण वळणाआधी हॉर्न देतो, ते आंधळ्या वळणावर येथेही चालते, पण इतर वेळी हॉर्न म्हणजे शिवी समजली जाते. दुसरी सवय जास्त धोक्याची आहे. आपल्याकडे समोरून हेडलाइट मारला तर «मी येतोय, थांब» असा अर्थ होतो. ब्रिटनमध्ये बहुतेक चालक «तुम्ही आधी जा» म्हणून दिवा मारतात. हायवे कोड या ब्रिटनच्या अधिकृत रस्तानियमांच्या पुस्तकानुसार दिव्याचा अर्थ «मी येथे आहे» एवढाच आहे. म्हणून कोणी दिवा मारला तरी त्यावर विसंबून वळू नये, आणि वाट मागण्यासाठी आपणही दिवा मारू नये.

## टप्पा ८: जनावरे आणि शेतातली माती

माळावर मेंढ्या रस्त्यावर येतात. एक कोकरू रस्त्याच्या एका बाजूला आणि मेंढी दुसऱ्या बाजूला दिसली, तर त्यांतले एक नक्की धावणार असे धरून वेग कमी करावा. घोडेस्वार दिसला तर ताशी १० मैलांच्या खाली येऊन किमान २ मीटर बाजूने, इंजिन न फुरफुरवता जावे. सबंध गटाने त्याच वेगाने जायचे असते. पहिले चार सावकाश गेले आणि पाचव्याने त्यांना गाठण्यासाठी ॲक्सिलरेटर पिळला, तर घोडा बिथरतो. शेताच्या फाटकांसमोर ट्रॅक्टरने आणलेली माती असते आणि पावसात ती साबणासारखी होते. एका वेळी एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यावर पासिंग प्लेस (समोरच्याला वाट देण्यासाठी रुंद केलेली जागा) डावीकडे असेल तर तीत शिरावे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्या गाडीला तीत येऊ द्यावे.

## टप्पा ९: कोणी पडले तर

1. आधी स्वतः सुरक्षित जागी थांबावे आणि मागून येणाऱ्या वाहतुकीला सावध करण्यासाठी एकाला मागे पाठवावे. सगळ्यांनी जखमीभोवती गोळा होऊ नये, दुसरा अपघात तेथेच होतो.
2. ९९९ किंवा ११२ वर फोन करावा. रस्त्याचा क्रमांक, कोणत्या दोन गावांच्या मध्ये आणि प्रवासाची दिशा सांगावी. डेल्समध्ये फोनची रेंज जाते. ९९९ वर मेसेज पाठवण्याची सोय आहे, पण त्यासाठी आधी «रजिस्टर» हा इंग्रजी शब्द ९९९ ला पाठवून नोंदणी करावी लागते. ती आजच करावी.
3. जखमीचे हेल्मेट अत्यावश्यक असल्याशिवाय काढू नये. श्वास चालू नसेल तर मात्र काढावेच लागते, आणि ते दोघांनी कसे काढायचे हे शिकण्यासाठी अनेक ठिकाणच्या अग्निशमन दलांचा «बायकर डाउन» हा मोफत वर्ग करावा.

मेंढी किंवा कुत्रा यांना धडक बसली आणि मालक तेथे सापडला नाही, तर शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

## टप्पा १०: परतल्यावर

डेव्हिल्स ब्रिजपाशी परत आल्यावर चहा आणि बेकन रोल घेऊन लोक तासभर गप्पा मारतात. पुढच्या सफरीची खरी माहिती येथे मिळते, पण प्रश्न नेमका विचारावा लागतो. «वेल्समध्ये कोठे जावे?» असे विचारले तर दहा नावे मिळतात. «१२५ वर, मोटरवे टाळून, दोन दिवसांत, पेट्रोल कोठे भरू?» असे विचारले तर समोरचा नकाशा काढतो. तुम्ही माहिती देतानाही रस्त्याचा क्रमांक, दिशा आणि तारीख द्यावी: «रविवारी हॉजकडून सेडबरला जाताना मूरकॉकनंतरच्या डाव्या वळणात खडी होती». «तिकडे रस्ता खराब आहे» एवढ्यावरून कोणालाच काही करता येत नाही.

चालवण्यात काही कमी वाटले तर पोलिसांची बाइकसेफ कार्यशाळा करावी. पोलिस रायडर तुमच्यामागे चालतो आणि नंतर समोर बसून दोष सांगतो. ती परीक्षा नसते आणि तिचा लायसन्सवर परिणाम होत नाही.

घरी गेल्यावर, सफर हिवाळ्यातली असेल तर, बाईक त्याच संध्याकाळी भरपूर साध्या पाण्याने धुवावी, कारण बर्फ जमू नये म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ रात्रभरात चेन आणि ब्रेकच्या कॅलिपरवर काम सुरू करते. चेन कोमट असतानाच तिला तेल द्यावे, ब्रेक दोन-तीनदा दाबून कोरडे करावेत आणि ओले हातमोजे रेडिएटरवर न ठेवता हवेशीर जागी टांगावेत.